ल्यीविया

ल्यीविया : स्पेनच्या कॅटलोनियातील, जिरोना प्रांतात मोडणारा पण चारही बाजूंनी फ्रान्सने वेढलेला डोंगरी कसबा. क्षेत्रफळ सु. १३ चौ. किमी.; लोकसंख्या सु. १,५००. पूर्व पिरेनीजमधील सेर्दान्या या उंचावरच्या रुंद खोऱ्यात, सेग्रे नदीकाठी, समुद्रसपाटीपासून सु. १,२२० मी. उंचीवर तो वसला आहे.

ग्रीक भूगोलकार टॉलेमीने सेरेतानी या स्थानिक जमातीच्या मुलखात नोंदवलेले ‘यूलिया लिबिका’ ते हेच, हे आता सर्वमान्य आहे. ‘लिबिका’ची व्युत्पत्ती वादग्रस्त असली, तरी ‘यूलिया’ हे बिरुद यूलियन (जूलियस सीझर व ऑगस्टस यांच्या) घराण्याच्या काळाकडे बोट दाखवते. रोमन लेखक प्लिनीही सेरेतानींच्या एका शाखेला ‘यूलियानी’ म्हणतो. अलीकडच्या उत्खननात येथे रोमन फोरमचे (नगरातील सार्वजनिक चौकाचे) अवशेष सापडले असून ते इ. स. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातले असावेत.

इ. स. ६७३ मध्ये स्पेनचा व्हिसिगॉथ (जर्मानिक वंशाचा) राजा वांबा याने काढलेल्या मोहिमेच्या वृत्तांतात ‘कास्त्रुम लिबिये’ हा कोट सेर्दान्याचे मुख्य ठाणे म्हणून येतो. मुनुझा या बर्बर सरदाराच्या प्रकरणात ही नोंद मोलाची ठरते. अ‍ॅक्विटेनचा ड्यूक यूडो याच्या मुलीशी विवाह करून बंड पुकारणाऱ्या या सरदाराला मुस्लिम स्पेनचा सुभेदार अब्द अल-रहमान याच्या फौजेने सु. ७३१ मध्ये सेर्दान्यात कोंडले आणि त्याने कड्यावरून उडी घेतली, असे ७५४ च्या लॅटिन बखरीत आहे. बखरकार गावाला नुसते ‘सेर्दान्याचे गाव’ म्हणतो. तथापि वांबाच्या वृत्तांताशी ताडून पाहता ते ल्यीवियाच असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. वधूचे लांपेजिया हे नाव मात्र उत्तरकालीन परंपरेतले दिसते.

११७८ च्या सुमारास जवळच पुच्सर्दा हे नगर वसले आणि ल्यीवियाचे महत्त्व उतरले. टेकडीवरचा किल्ला फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या सैन्याने १४७९ मध्ये जिंकून पाडला.

७ नोव्हेंबर १६५९ च्या फ्रान्स व स्पेन यांच्यातील पिरेनीज तहाने रूसियों व काँफ्लां हे प्रदेश फ्रान्सला मिळाले; सेर्दान्याची वाटणी पुढील वाटाघाटींवर सोपवली गेली. फ्रान्सला कारोलच्या खोऱ्यातून काप्सीर या प्रदेशाकडे जाणारी वाट हवी होती, म्हणून तिच्या आसपासची ३३ खेडी त्याला द्यावयाची ठरली. ल्यीविया मात्र खेडे नसून ‘विला’, म्हणजे सनदी कसबा आहे, या मुद्द्यावर स्पेनकडे राहिले. कसबे आणि मौजे (साधी खेडी) हा भेद जुन्या मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना सांगायला नको. फ्रेंचांच्या नजरचुकीने गाव सुटले, ही लोकप्रिय कथा टिकण्यासारखी नाही : ल्यीवियातच १२ नोव्हेंबर १६६० रोजी झालेल्या करारात गावाला तटबंदी न करण्याची अट फ्रान्सने घालून घेतली होती. सीमेवर दगड रोवले गेले ते १८६६ च्या बायोन करारानंतर.

स्पेनशी जोडणारा पुच्सर्दाचा रस्ता फ्रेंच भूमीतून जातो. कराराने तो मुक्त आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच महामार्गाला अग्रक्रम देणाऱ्या ‘स्टॉप’च्या पाट्या चौकात लागल्या. मुक्त रस्त्यावर थांबायचे कशाला, म्हणून गावकऱ्यांनी त्या पुनःपुन्हा उखडल्या. ‘स्टॉपचे युद्ध’ असे नाव पडलेले हे भांडण मिटले ते मुख्य चौकावर पूल बांधल्यावर.

एस्तेवे घराण्याचे औषधालय युरोपातील सर्वांत जुन्या औषधालयांपैकी एक समजतात. त्याचा आरंभ १४१५ इतका मागे नेणारे दावे जपूनच घ्यावेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा इतिहास अधिक भरवशाचा आहे. त्यातील सामग्री आता नगर संग्रहालयात आहे : निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बरण्या, संतांच्या व इतर व्यक्तींच्या आकृती रंगवलेल्या लाकडी पेट्या आणि ‘कोर्दियालेर’ हे कोरीव कपाट. मौल्यवान द्रव्ये या कपाटात ठेवली जात.