पंचगंगेची पहाटेची नोंद

जुलैत धरणक्षेत्रात पाऊस लागला की कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही, कारण पट्टी तीच, जागा तीच, आणि वाचणारा वेळ चुकवत नाही.

एप्रिलमध्ये त्याच पंचगंगेवर केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, थर चढतो, पाण्याला वास सुटतो, खाली तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो. तेव्हा मात्र गावाजवळ बोलायला आकडा नसतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची तपासणी असते, पण ती ठरावीक ठिकाणी आणि साधारण महिन्यातून एकदा. मासा तर एका रात्रीत मरतो. मधले दिवस कोण लिहून ठेवणार? नदीकाठचे लोकच ठेवू शकतात, आणि नागरिक विज्ञान म्हणतात ते हेच.

आधी मासे का मरतात ते पाहू. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तीस अंश तापलेल्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. एवढ्याशा शिदोरीवर मासे, किडे, जिवाणू सगळे जगतात. सांडपाणी किंवा मळी पाण्यात आली की जिवाणूंना मेजवानी मिळते. ते ती मळी खाताना ऑक्सिजन संपवतात आणि माशांच्या वाट्याला काही उरत नाही. नदीत आंघोळ करण्याजोग्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आहे.

वाहतं पाणी दगडांवर आपटून हवेतून ऑक्सिजन पुन्हा घेतं. पण परतीचा पाऊस सरला की आपण बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतो आणि नदी थांबते. आपल्या गावाच्या नावानं देशभर ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा शेतीला तारतो, हे खरंच. पण त्यानं नदीची तळ्यांची माळ होते. प्रत्येक तळ्यात घाण साचते, वर केंदाळ पसरतं, आणि हवेतून मिळणारा ऑक्सिजन आणखी घटतो.

आता कळीची गोष्ट. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच घेतं. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन दुपारी सर्वांत जास्त असतो आणि सूर्य उगवायच्या आधी सर्वांत कमी. समजा, प्रयाग चिखलीच्या कार्यकर्त्यानं दुपारी तीनला मोजलं आणि शिरोळच्या ताईंनी पहाटे सहाला. दोघांनी मन लावून काम केलं, ऑक्सिजन मोजायचा मीटरही चांगला होता. तरी दोन आकड्यांतल्या फरकातला किती भाग सांडपाण्याचा आणि किती उन्हाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मला वाटतं, स्वयंसेवकांची सांगड घालणं हाच या कामातला खरा वैज्ञानिक भाग आहे. किट बाजारात मिळतं. सगळ्यांनी एकाच पहाटे, ठरलेल्या पायरीवरून, पाण्याखाली वीतभर बाटली बुडवणं मात्र बाजारात मिळत नाही.

ऑक्सिजन मोजायची जुनी आणि भरवशाची रीत रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी १८८८ मध्ये दिली. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि जागेवरच दोन रसायनं टाकायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो; नसेल तर साका पांढराच राहतो. तो पांढरा साका एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस नदीला विसरत नाही. यातली रसायनं घातक आहेत, तेव्हा ही चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हातीच हवी. बाकीच्यांना मीटर, थर्मामीटर आणि पीएचच्या पट्ट्या पुरतात.

मीटर आपसांत जुळतात का, हे तपासायची साधी युक्ती आहे. महिन्यातून एकदा सगळ्यांनी घाटावर जमायचं आणि एकाच बादलीतलं पाणी आपापल्या मीटरनं मोजायचं. ज्याचा आकडा वेगळा पडेल, त्याचा मीटर दुरुस्त करायचा किंवा त्याची पद्धत. यात कुणाचा अपमान नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगावं.

दुसरा धोका जास्त फसवा आहे. उत्साही माणूस पाणी काळं दिसलं की धावतो आणि नितळ असलं की घरी बसतो. मग वहीत फक्त वाईट दिवस जमतात आणि नदी आहे त्याहून वाईट दिसते. काही घडलं नाही अशा दिवसाची नोंदही तेवढीच मोलाची. नेहमीचं पाणी कसं असतं ते ठाऊक असेल, तरच बिघाड ओळखता येतो.

पाण्यातले किडे तर चोवीस तास पहारा देतात. वरच्या भोगावती, कासारी या उपनद्यांच्या खडकाळ पात्रात दगड उलटला की खाली चतुर-टाचणीची पिल्लं, वाळूचं घरटं अंगावर वागवणाऱ्या अळ्या दिसतात. ऑक्सिजन घटला की नाजूक जाती आधी जातात आणि मागे रक्तासारख्या लाल अळ्या उरतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. इंग्लंडमध्ये केनेट नदीवर २०१३ साली असे किडे नेमानं मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्याच लक्षात आलं की किडे एकाएकी नाहीसे झालेत. शोध घेतल्यावर क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडलं. पाणी वरून नितळच दिसत होतं. आपल्याकडे खडकाळ जागेची तुलना खडकाळ जागेशीच करावी लागेल. शिरोळकडच्या गाळात वेगळेच जीव राहतात.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार कोर्टात पुरावा म्हणून चालणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं ठरल्या रीतीनं घेतलेलाच लागतो. आपली बाटली तिथं चालणार नाही. ती अधिकाऱ्याला वेळेत घाटावर आणू शकते. म्हणून आकडा कितीखाली गेला की कुणी कुणाला फोन करायचा, हे आधी कागदावर हवं, आणि प्रत्येक नोंद त्याच दिवशी तालमीच्या फलकावर लिहिलेली हवी. आपल्या आकड्याचं पुढं काय झालं हे दिसलं नाही, तर माणसं तिसऱ्या महिन्यात गळतात.

पुराच्या पाण्याजवळ मात्र कुणीही जायचं नाही. एरवीही दोघांनी मिळून जायचं, हातमोजे घालायचे, जखम असेल तर पाण्यात हात घालायचा नाही.

सुरुवातीला चार जागा पुष्कळ झाल्या: प्रयाग संगम, शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक, आणि तेरवाड. बरगे घालायच्या आधीच्या आठवड्यात पहिली नोंद, आणि घातल्यावर दर रविवारी पहाटे सहाला एक.