स्प्रिंटमधे सायकलवाले थांबतात म्हणजे रेस फिक्स असते का?

इनडोअर ट्रॅक सायकलिंगच्या क्लिपसोबत कायम फिरणारा मेसेज: "बघा, दोघं जागेवरच उभे, रेस आधीच ठरलेली."

तसं नाहीये. पहिल्यांदा बघणाऱ्याला शंका येणं साहजिक आहे, पण मॅच स्प्रिंट ही घड्याळाशी रेस नाही, समोरच्याशी आहे. 250 मीटरच्या ट्रॅकवर 3 राउंड, आणि जो आधी लाइन क्रॉस करेल तो जिंकला, एकूण वेळ कितीही लागू दे. आता जोरात जाताना सगळ्यात जास्त ताकद खाते ती हवा, पुढचा हवा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाला ताकद वाचवून शेवटी बाहेरून निघतो, शिवाय मागच्याला पुढचा दिसत असतो, पुढच्याला मात्र मान वळवावी लागते. मग पुढे जायला कोण तयार होईल? म्हणून दोघं थांबून एकमेकाला पुढे ढकलायला बघतात (ब्रेक नसलेल्या फिक्स्ड गिअर, म्हणजे चाक फिरलं की पेडलही फिरणाऱ्या, सायकलवर असं उभं राहणं हीच मोठी कला आहे राव). त्यालाही वेळेची लिमिट आहे.

चेक करायचं तर क्लिप नको, पूर्ण रेस बघा. शेवटच्या 200 मीटरचा टाइम स्क्रीनवर येतो, टॉपचे पुरुष रायडर क्वालिफायिंगला (या रेसच्या आधीची, एकेकट्याने घड्याळाशी मारायची फेरी) तेवढंच अंतर 10 सेकंदांच्या आत मारतात.