दोन डिस्क, पण पाणी एकच

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात घराघरांत शिरलं. अकोट्याला आत्याकडे ते मांडीपर्यंत चढलं. घरातली माणसं, देव आणि कागदपत्रं वेळेवर वरच्या मजल्यावर गेली. टीव्हीखालच्या कपाटातली ‘नॅस’ची पेटी मात्र कुणाला आठवलीच नाही. घराच्या राउटरला जोडलेली ही दोन हार्ड डिस्कची पेटी आतेभावाने हौसेने आणली होती. तीन पिढ्यांचे फोटो तिच्यात होते. एक डिस्क गेली तरी दुसरी आहे, या भरवशावर आम्ही सगळेच होतो.

हार्ड डिस्क पूर्ण बंद असते हा आपला समज चुकीचा आहे. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद असतात, पण घरगुती वापराच्या बहुतेक डिस्कमध्ये साधी हवा असते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. छिद्राला गाळणी असते. ती धूळ अडवते, पण पुराच्या पाण्यापुढे तिचा निभाव लागत नाही. आत चकतीवरून माहिती वाचणारं-लिहिणारं डोकं अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं आणि माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. त्या फटीत गाळाचा कण गेला की काय होईल, ते सांगायला नको. म्हणून भिजलेली डिस्क ‘चालते का बघू’ म्हणून कधीही चालू करू नका. तशीच ती डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिण्याला मिररिंग किंवा रेड-१ म्हणतात. ‘रेड’ हे नाव बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांच्या १९८८ च्या शोधनिबंधातून रूढ झालं. एखादी डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, एवढंच मिररिंग बघतं. तुम्ही चुकून फोल्डर पुसलंत, तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्यांमधल्या फायली कुलूपबंद केल्या, तिथेही मिररिंगचा काही उपयोग नव्हता. पेटी बाहेरच्या जगाला थेट उघडू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

आता खरेदीचं. डिस्क घेताना ‘सीएमआर’ की ‘एसएमआर’ हे आधी विचारा. सीएमआरमध्ये माहितीच्या रेघा शेजारी शेजारी सुट्या असतात. एसएमआरमध्ये जागा वाचवण्यासाठी त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकावर एक सरकवलेल्या असतात. जुन्या वाड्यात शाकारणी पाहिलेल्यांना हे लगेच कळेल: मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात. तसंच इथे एक रेघ बदलायला शेजारच्या रेघा पुन्हा लिहाव्या लागतात. अधूनमधून फोटो ठेवायला हे चालतं. पण रेडमधली डिस्क बदलून सगळा मजकूर नव्याने भरायची वेळ आली, की अशी डिस्क फार रेंगाळते. नॅससाठी सीएमआरच घ्या. ४ टीबीची डिस्क ३.६ दाखवते यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

पेटी राउटरला वायरनेच जोडा. गिगाबिट वायरीवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात. लहानसा यूपीएसही घ्या, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर फायली बिघडू शकतात.

ठेवायची कुठे? पुराच्या भीतीने पोटमाळ्यावर ठेवावी, तर बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ती भाजून निघेल. आत्याकडे आता ती पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळच्या मोकळ्या फळीवर आहे.

जुन्या पेटीतलं फार थोडं परत मिळालं. नव्या पेटीत रोज रात्री स्नॅपशॉट होतो, म्हणजे पुसलेली फाइल मागच्या तारखेतून परत काढता येते. शिवाय पेटीतल्या फोटोंची वेगळी प्रत ठेवायला दोन साध्या यूएसबी डिस्क घेतल्या आहेत. एक आत्याकडे असते आणि दुसरी रावपुऱ्यात माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही त्यांची अदलाबदल करतो, आणि माझ्याकडची डिस्क परत देण्याआधी मी तिच्यातला कुठला तरी एक फोटो उघडून बघते. गेल्या वेळी आजोबांचा निघाला, मांडवी दरवाज्यासमोर सायकल धरून उभे असलेले.