पार्श्वभूमी : विद्यापीठ चौकात पूल दोनदा का बांधावा लागला?

पाटीवर नाव आचार्य आनंदऋषीजी चौक असले, तरी रिक्षावाल्याला ‘विद्यापीठ’ म्हटले की पुरते. पुण्यातल्या या चौकात उड्डाणपूल झाला, पंधरा वर्षांच्या आत तो पाडला गेला आणि मग त्याच जागी दुमजली पूल उभा राहिला. हा प्रकार नीट समजायचा तर आधी रस्त्याकडे पाहावे लागते.

गणेशखिंड रस्ता मुळात एका बंगल्याकडे जायचा. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान गणेशखिंडीत होते. आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत तीच. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड आणि आयर्स्ट तिथून परतत होते. चापेकर बंधूंनी त्यांना गाठले ते याच रस्त्यावर. तेव्हा इथे गावाबाहेरची सामसूम असायची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि हा परिसर त्याच्याकडे आला. पुढेही बरीच वर्षे चतुःशृंगीची जत्रा सोडली, तर इथे गर्दीचे कारण नव्हते.

अडचण चौकाच्या आकारातच आहे. शिवाजीनगरकडून येणारा एकच रस्ता विद्यापीठाच्या दाराशी तीन दिशांना फुटतो: औंध, बाणेर आणि पाषाण. चौकाच्या थोडे अलीकडे सेनापती बापट रस्त्याची वाहनेही त्यातच येऊन मिळतात. म्हणजे सकाळी तीन रस्त्यांचे पाणी एका नळीत आणि संध्याकाळी एका नळीतले तीन रस्त्यांत. औंध-बाणेर-पाषाण ही गावे होती तोवर हे खपून गेले. हिंजवडीचे आयटी पार्क आले, ही गावे उपनगरे झाली आणि नळी तुंबली.

त्यावरचा पहिला उपाय २००६ च्या सुमाराचा. विद्यापीठ चौकात आणि जवळच ई-स्क्वेअर चित्रपटगृहापाशी असे दोन उड्डाणपूल उभे राहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा भरायच्या होत्या आणि शहराच्या या बाजूची कामे तेव्हा घाईने चालली होती. पूल झाले, पण कोंडी काही संपली नाही. पुलावरून झर्रकन पुढे गेलेली गाडी उतारावर पुन्हा रांगेत. पुण्यात मेट्रोची चर्चा तेव्हाही होती, पण या पुलांच्या आराखड्यात तिच्या खांबांना जागा ठेवलेली नव्हती. माझ्या मते पुढचा सगळा खर्च आणि मनस्ताप या एका गोष्टीतून निघाला.

२०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाले. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही सुमारे २३ किलोमीटरची तिसरी मेट्रो मार्गिका त्याच्या वाट्याला आली आणि डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांनी तिचे भूमिपूजन केले. मार्ग बरोबर गणेशखिंड रस्त्यावरून. रस्त्याच्या मधोमध जिथे मेट्रोचे खांब यायचे, तिथे आधीच पुलाचे खांब. मेट्रो पुलाच्याही वरून न्यायची तर उंची फार वाढते. उरला एकच मार्ग: दोन्ही पूल पाडायचे आणि नव्याने असा पूल बांधायचा, की खाली रस्ता, मधे वाहनांचा पूल आणि सर्वांत वर मेट्रो.

पण हे ठरवायचे कोणी? रस्ता महापालिकेचा, मेट्रो पीएमआरडीएची, वाहतूक पोलिसांची आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा. एरवी असा विषय बैठकांमध्येच मुरला असता. करोनाने तो सोडवला. जुलै २०२० मध्ये शहरात दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली, रस्ते ओस पडले आणि त्याच दिवसांत पाडकाम सुरू झाले.

पाडणे लवकर झाले, बांधणे रेंगाळले. मधल्या वर्षांत बॅरिकेड सरकत राहिले, वळणे बंद झाली, कालचा यू-टर्न आज पुढे गेलेला असायचा. रोज जाणाऱ्यालाही रस्ता विचारावा लागे, आणि पुणेकराला हे कबूल करणे किती जड जाते ते सांगायला नको. त्यातच महापालिकेने रस्ता ४५ मीटर रुंद करायला घेतला. कडेची जुनी झाडे, त्यांतले वड, तोडण्यावरून पर्यावरणप्रेमी उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

नव्या पुलाचा खर्च सुमारे २७७ कोटी रुपये सांगितला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तो खुला झाला, तोही सगळा नव्हे, औंध-शिवाजीनगर एवढीच बाजू. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे रुंदीकरण, झाडे, बंद वळणे यांवरून वाद पेटले तेव्हा जाब विचारायला वॉर्डात नगरसेवक नव्हता. पूल खुला झाला त्या दिवशीही बाणेर-पाषाणकडून येणारे खालच्या सिग्नललाच थांबले होते.