कॅन्सरची गोळी आणि जलेबीची चौकशी

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या मावशींना स्तनाच्या कर्करोगासाठी नवी गोळी सुरू व्हायची होती. डॉक्टरांनी आधी उपाशीपोटीची साखर तपासली आणि विचारलं, जलेबी खाता का? मावशी वैतागल्या. इंदुरात हा काय प्रश्न झाला? आणि कॅन्सरचा जलेबीशी संबंध काय?

संबंध आहे. तिसऱ्या गुणसूत्रावर पीआयके३सीए नावाचं जनुक असतं. त्यापासून १,०६८ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं, पी११०-अल्फा. पी८५ नावाचा जोडीदार एरवी त्याला धरून असतो. पोहे-जलेबी पोटात गेली, इन्सुलिन आलं आणि पेशीच्या दाराशी टेकलं, की ती पकड सैल होते. मग हे प्रथिन पेशीपटलाच्या आतल्या अंगाला एक बारीकसं काम करतं. तिथल्या एका मेदरेणूच्या टोकाला सहा कार्बनांचं कडं असतं. चौथ्या-पाचव्या जागी फॉस्फेट आधीच बसलेले. हे तिसऱ्या जागी आणखी एक चिकटवतं. बस, एवढंच! फॉस्फेट तिसऱ्या जागी बसतो हे शास्त्रज्ञ लुइस कँटली आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. तो बसला की एकेटी हे प्रथिन तिथं येऊन जागं होतं, आणि स्नायूंच्या पेशी साखर आत घेऊ लागतात. काम झालं की पीटेन नावाचं विकर तो फॉस्फेट काढून टाकतं.

पण हाच निरोप पेशीला ‘वाढ’ असंही सांगतो. पी११०-अल्फा म्हणजे जणू एक बटण. त्यातलं १,०४७ व्या जागचं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल जाऊन आर्जिनीन आलं, की ते बटण चालूच राहतं. असे बदल अनेक गाठींमध्ये सापडतात हे २००४ मध्ये कळलं. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात तर साधारण ४० टक्के रुग्णांमध्ये.

अल्पेलिसिब ही गोळी हेच बटण बंद करते. अमेरिकेत तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पण गोळीला गाठ कुठली आणि दंडाचा स्नायू कुठला, हे कुठं कळतं? साखर रक्तातच तुंबते. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, आणि ते गाठीतलं तेच बटण पुन्हा चालू करू पाहतं. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलं आहे.

मावशींनी जलेबी सोडली. पोहे म्हणजेही तांदूळच, हे सांगायची माझी अजून छाती झालेली नाही.