कोरोनात फसलं ते ऑनलाइन शिक्षण नव्हतं

‘कोरोनात ऑनलाइन शिक्षण करून पाहिलं, ते फसलं,’ हे वाक्य अजूनही बिनदिक्कत फेकलं जातं. त्यात दोन गफलती आहेत.

एक तर ऑनलाइन शिक्षणाचा जन्म कोरोनातला नाही. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९७१ पासून घरबसल्या विद्यार्थ्यांना शिकवतंय. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाने आपलं अभ्याससाहित्य इंटरनेटवर खुलं करायची घोषणा २००१ मध्येच केली होती.

दुसरी गफलत मोठी. मार्च २०२० मध्ये विद्यापीठांनी जे सुरू केलं, त्याला अमेरिकेतल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी त्याच महिन्यात वेगळं नाव दिलं: आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम नीट बांधायला सहा ते नऊ महिने लागतात, असं त्यांचं म्हणणं. इथे हाती होते जेमतेम काही दिवस! मग फळ्यासमोरचं तासाभराचं व्याख्यान उचलून जसंच्या तसं कॅमेऱ्यापुढे ठेवलं गेलं. प्राध्यापक काळ्या चौकोनांना विचारतायत, ‘आवाज येतोय ना?’ उत्तरादाखल कुणाच्या तरी चालू राहिलेल्या माइकमधून घरातला टीव्ही.

प्रयोगशाळेचे विषय मात्र खरंच भरडले गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. टायट्रेशनचा, म्हणजे रसायनशास्त्रात थेंब थेंब द्रावण टाकून करायच्या मोजणीचा, व्हिडिओ बघून हात बसत नाही. पण वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं चॅटमध्ये प्रश्न टाकू लागली, न कळलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकू लागली. आणि घरी बसलेल्यांचं पाठांतर तपासायचं तरी कसं, म्हणून काही ठिकाणी पुस्तक उघडून लिहायच्या परीक्षाही आल्या.