पाडला, पडला की पडून राहिला?

मुष्टियुद्धातलं एकच छायाचित्र माहीत असलेल्या माणसाला बहुधा हेच माहीत असतं: पाठीवर पसरलेला सनी लिस्टन आणि त्याच्यावर उजवा हात दुमडून ओरडणारा मुहम्मद अली. तारीख २५ मे १९६५, ठिकाण अमेरिकेच्या मेन राज्यातलं लुइस्टन. नील लाइफरने टिपलेलं हे चित्र विजयाचं प्रतीक होऊन बसलं. पण ज्या ठोशावरून आजही भांडणं होतात तो ठोसा या चित्रात नाहीच. तो आधीच होऊन गेला आहे. अली इथे जिंकल्याच्या आनंदात ओरडत नाही, तो चिडून लिस्टनला ‘ऊठ आणि लढ’ म्हणतो आहे.

हेवीवेटमधला, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातला, नॉकडाउन (ठोसा खाऊन खाली पडणं) खरा की खोटा, या वादात माणसं बहुतेक वेळा तीन वेगळ्या गोष्टींवर भांडत असतात आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही. नियमातला ठोसा बसून मुष्टियोद्धा पाडला गेला का, हा पहिला प्रश्न. नसेल तर तो फक्त पडला, म्हणजे पाय घसरला, धक्का लागला किंवा फटका कमरेखाली बसला. दुसरा प्रश्न मोजणीचा, कारण दहा मोजेपर्यंत न उठणारा बाद होतो: दहा अंक खरोखर दहा सेकंदांत मोजले का? आणि तिसरा, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो: उठता येत असून तो पडून राहिला का? म्हणजे ही नुरा कुस्ती होती का? पहिल्याचं उत्तर रेफरी देतो, दुसऱ्याचं घड्याळ. तिसऱ्याचं उत्तर फक्त पडलेल्याला माहीत असतं, आणि तो खरं सांगेलच असं नाही. (मराठीत ‘पंच’ म्हटलं की मारलेला की निवाडा देणारा, असा चौथा घोळ होतो, म्हणून इथे ठोसा आणि रेफरी.)

दहा सेकंदांची मोजणी १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी रूढ केली. त्याआधी, उघड्या मुठींच्या काळात, कुणी पडला की फेरीच संपायची. पडलेल्याला अर्धा मिनिट मिळायचं आणि त्याचे साथीदार त्याला उचलून कोपऱ्यात न्यायचे. त्यामुळे मार टाळायला मुद्दाम गुडघा टेकणं हा तेव्हाचा हुकमी डाव होता. ठोसा न खाता खाली बसणं नियमाने फाउल ठरवावं लागलं, यावरून तो किती चालायचा ते कळतं. ‘खरंच पडला का’ ही शंका ग्लोव्ह्ज येण्याआधीची आहे.

ग्लोव्ह्जच्या काळातला पहिला मोठा तमाशा २ डिसेंबर १८९६ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाला. बॉब फिट्झसिमन्सने आठव्या फेरीत टॉम शार्कीला लोळवलं आणि रेफरीने शार्कीलाच विजयी केलं. कारण, ठोसा कमरेखाली होता. हा रेफरी म्हणजे वायट अर्प, बंदूकबाज म्हणून गाजलेला. तो रिंगमध्ये आला तेव्हाही खिशात पिस्तूल होतं आणि पोलिसांना ते काढून घ्यावं लागलं. फिट्झसिमन्स कोर्टात गेला. न्यायाधीशाने सरळ सांगितलं की अशी लढतच शहरात बेकायदा आहे, तिच्या निकालाचा निवाडा कोर्ट काय करणार! दहा हजार डॉलरचं बक्षीस शार्कीकडेच राहिलं.

५ एप्रिल १९१५ ला हवानामध्ये जेस विलार्डने जॅक जॉन्सनला सव्विसाव्या फेरीत पाडलं. जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. अमेरिकेतल्या शिक्षेपासून पळून तो देशाबाहेर राहत होता. एका प्रसिद्ध छायाचित्रात तो पाठीवर पडला आहे आणि हात डोळ्यांवर असे आले आहेत की जणू ऊन अडवतो आहे. जॉन्सनने पुढे सांगितलं की आपण ठरवून हरलो, बदल्यात मायदेशी परतायची सोय होणार होती. त्या चित्राने त्याच्या सांगण्याला बळ दिलं. पण बेशुद्ध पडणाऱ्या माणसाचे हातही काही क्षण ताठ राहू शकतात. विलार्डचं उत्तर मला जास्त पटतं: हरायचंच होतं तर लवकर हरायचं होतं, त्या उन्हात मला इतकं का भाजलं? सव्वीस फेऱ्या हा नाटकासाठी फार लांबलचक अंक झाला. शिवाय १९२० मध्ये जॉन्सन अमेरिकेत परतला तेव्हा त्याला तुरुंगवास भोगावाच लागला.

मोजणीचं भांडण जॅक डेम्पसीमुळे पेटलं. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्याने लुईस फिर्पोला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं. दर वेळी तो फिर्पोच्या जवळच उभा राहायचा आणि समोरचा अर्धवट उठतोय तोच पुन्हा हाणायचा. पाडणाऱ्याने तटस्थ कोपऱ्यात, म्हणजे दोघांपैकी कुणाचाही नसलेल्या कोपऱ्यात, जायचं, तोवर मोजणी नाही, हा नियम अशाच प्रकारांसाठी होता. २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर जीन टनीविरुद्धच्या लढतीआधी तो दोघांनाही समजावून सांगितला होता. सातव्या फेरीत डेम्पसीने टनीला पाडलं आणि जुन्या सवयीने तिथेच थांबला. टाइमकीपरची मोजणी सुरू झाली होती, पण रेफरी डेव्ह बॅरीने आधी डेम्पसीला कोपऱ्याकडे पिटाळलं आणि मग ‘एक’पासून सुरुवात केली. टनी ‘नऊ’ला उठला. जमिनीवर तो सुमारे चौदा सेकंद होता. पुढच्या फेरीत टनीने डेम्पसीला खाली बसवलं, तेव्हा मात्र बॅरीने लगेच मोजायला घेतलं. दहा फेऱ्यांनंतर गुणांवर टनी जिंकला. टनी म्हणत राहिला की मी आधीही उठू शकलो असतो, आणि ते खोटं पाडायचा मार्ग कुणाकडेच नव्हता.

अशा लढतींचं चित्रीकरण पाहून लोकांनी निकाल लावावा, तर तिथेही अडचण होती. जॉन्सनने १९१० मध्ये जेम्स जेफ्रीजला हरवलं, त्याची फिल्म गावोगावी दाखवली जाईल या धसक्याने १९१२ मध्ये अमेरिकेने लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घातली. ती १९४० पर्यंत टिकली. त्यामुळे या काळातल्या वादांत बहुतेकांचा पुरावा म्हणजे वर्तमानपत्रातलं वर्णन आणि एखादं स्थिरचित्र. १९३३ मध्ये प्रिमो कार्नेराने जॅक शार्कीला सहाव्या फेरीत गारद केलं आणि कार्नेरामागे गुंडांच्या टोळ्या असल्यामुळे लोकांनी तो ठोसा न पाहताच खोटा ठरवला. शार्की मात्र तो खरा होता असंच सांगत आला.

लुइस्टनला चित्रीकरण होतं, टेलिव्हिजन होतं, स्लो मोशन होतं. तरीही सगळ्यात मोठा घोळ तिथेच झाला.

लढत आधी नोव्हेंबर १९६४ मध्ये बॉस्टनला ठरली होती. तीन दिवस आधी अलीचं हर्नियाचं तातडीचं ऑपरेशन झालं. मग बॉस्टनच्या अधिकाऱ्यांनी हात वर केले आणि लढत लुइस्टनच्या एका छोट्या हॉलमध्ये गेली. प्रेक्षक होते २,४३४. वातावरण आधीच गढूळ होतं. फेब्रुवारीत, अलीच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ संघटनेतून फुटलेला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स याची हत्या झाली होती आणि अलीवर सूड उगवला जाईल अशा अफवा होत्या. लिस्टनच्या कारकिर्दीवर फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या गुन्हेगारांची सावली होती. शिवाय मायामी बीचच्या पहिल्या लढतीत तो सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नव्हता. म्हणजे संशय प्रेक्षकांच्या आधी येऊन खुर्चीत बसला होता.

पहिली फेरी, पावणेदोन मिनिटांच्या सुमारास. लिस्टन डावा जॅब (सरळ, झटपट ठोसा) टाकत पुढे झुकतो, अली किंचित मागे होतो आणि त्या हातावरून उजवा आखूड ठोसा खाली येतो. फिल्म हळू चालवली तर लिस्टनचं डोकं वळताना दिसतं आणि सगळा भार पेललेला डावा पाय जमिनीवरून सुटताना दिसतो. ठोसा बसला, याबद्दल मला शंका नाही. पुढे येणाऱ्या माणसाला आखूड ठोसाही पुरतो, कारण निम्मं बळ तो स्वतःच आणतो. खटकतं ते पुढचं. लिस्टन गुडघ्यावर येतो आणि पुन्हा पाठीवर लोळतो. त्याचं स्पष्टीकरण असं की अली डोक्यावर उभा होता, उठलो असतो तर तिथेच पुन्हा खाल्ला असता, वेड्या माणसाचा काय भरवसा?

हे स्पष्टीकरण निमित्तासारखं वाटतं, पण शिकागोची आठवण ठेवली तर त्यात कायद्याचा मुद्दा आहे. अली तटस्थ कोपऱ्यात गेलाच नव्हता. रेफरी जर्सी जो वॉलकॉट, स्वतः माजी जगज्जेता, त्याला ढकलण्यातच गुंतला होता आणि त्याने मोजणी सुरूच केली नव्हती. लिस्टनने ऐकायची ती मोजणी झालीच नाही. टाइमकीपर फ्रान्सिस मॅकडोना आपल्या जागी मोजत होता, ते वॉलकॉटपर्यंत पोहोचलं नाही. लिस्टन उठला, दोघं पुन्हा भिडले, आणि तेवढ्यात मुष्टियुद्धाच्या मासिकाचा संपादक नॅट फ्लाइशर रिंगजवळून ओरडला की हा कधीच बाद झालाय. फ्लाइशरला कसलाही अधिकार नव्हता. वॉलकॉट लढणाऱ्यांना सोडून त्याच्याकडे गेला, परत आला आणि लढत थांबवली. वेळ जाहीर झाली एक मिनिट, फिल्मवर भरते दोन मिनिटं बारा सेकंद. शिकागोत ज्या नियमाने टनीला जास्तीचे सेकंद दिले, तो लुइस्टनला कुणाच्या डोक्यातही नव्हता. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात भक्कम आक्षेप हा आहे, पण ‘फिक्स! फिक्स!’च्या आरोळ्यांत तो कुणी नीट मांडलाच नाही.

नंतरचे वाद यापुढे साधे वाटतात. १९७५ मध्ये चक वेपनरने नवव्या फेरीत अलीला पाडलं. नॉकडाउन मोजला गेला, पण अली म्हणाला की वेपनरचा पाय माझ्या पायावर होता, आणि छायाचित्रात तो दिसतोही. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत माइक टायसनने आठव्या फेरीत बस्टर डग्लसला पाडलं. रेफरी ऑक्टाव्हियो मेरानची मोजणी घड्याळाच्या मागे होती. दहाव्या फेरीत टायसनच बाद झाला, तेव्हा त्याच्या माणसांनी तक्रार केली आणि दोन जागतिक संघटनांनी डग्लसला मान्यता देणं काही दिवस अडवून धरलं. पण पडलेला माणूस रेफरीचे अंक ऐकून उठतो, तो घड्याळ पाहत नसतो. डग्लस ‘नऊ’ला उभा होता. मान्यता द्यावीच लागली.

ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडच्या व्रोत्सवाफमध्ये पुन्हा १८९६ चाच प्रश्न आला. डॅनियल डुबॉइसच्या ठोशाने पाचव्या फेरीत ऑलेक्झांडर उसिक खाली गेला. रेफरी लुईस पाबोनने फटका कमरेखाली ठरवून त्याला सावरायला वेळ दिला, आणि नवव्या फेरीत उसिकने डुबॉइसला थांबवलं. या वेळी प्रत्येक कोनातून स्पष्ट चित्रीकरण होतं. मग भांडण ठोशावरून सरकलं ते उसिकच्या पँटच्या पट्ट्यावर: तो नाभीवर होता की त्याहून वर ओढलेला?